ग्रासियास म्हणेपर्यंत

पानाम्बी दुपारी झोपली की मी लिहायचे. ती झोपायची तेवढा वेळ माझा. एका हाताने तिला थोपटायचं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोनवर लिहायचं. त्यामुळे माझी वाक्यं आखूड असतात आणि कधी कधी मध्येच संपतात. वाचणाऱ्यांना ती माझी शैली वाटते.

ब्लॉगचं नाव ‘सावलीच्या बाजूने’. पोटुशी होते तेव्हा सुरू केला. असुन्सिओनच्या उन्हात भरलं पोट घेऊन चालायचं तर रस्त्याची कुठली बाजू केव्हा सावलीत असते ते पाठ असावं लागतं. मी ते लिहून ठेवू लागले. मग त्या बाजूला खायला काय मिळतं तेही. बाजाराच्या मागच्या दाराशी एक बाई तव्यावर कसाव्याच्या पिठाचं घावन, म्बेयू, भाजते, कडा कुरकुरीत आणि आत चीज तार धरणारं. कुणाच्या कुंपणाला गवती चहा इतका माजलाय की मागितला तर जुडी कापून देतात. भाजीची सालं टोपलीत कशी कुजवायची म्हणजे शेजारी भांडायला येत नाहीत. वाचणारे थोडेच होते, आणि त्यातले निम्मे मला रस्त्यात भेटणारे. “ग्रिसेल्दा, तू लिहिलंस तो चिपा पाव खाल्ला, पण मीठ जास्त होतं,” असं तोंडावर सांगणारे.

मी सर्वांत जास्त लिहिलं असेल ते आमच्या दारातल्या आंब्याबद्दल.

आम्ही न्या झुनिल्दांच्या घरात भाड्याने राहायचो. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागच्या त्यांच्या. सगळी गल्ली त्यांना मानाने ‘न्या’ लावायची, अगदी मागच्या गल्लीतून रोज येणारे, त्यांच्याहून थोरले डॉन एल्पिदिओसुद्धा, फक्त ते चिडवायचं असलं की नुसतं ‘झुनिल्दा’ म्हणत. आमच्या खोल्यांवर पत्रा होता. आंबा फुटपाथवर, अगदी दाराला लागून. त्याच्या मुळांनी फरशा उचलून धरलेल्या, फांद्या पत्र्यावर टेकलेल्या. पानाम्बीच्या पहिल्या उन्हाळ्यात तिचं अंग घामोळ्यांनी भरून आलं तेव्हा दवाखान्यातली बाई म्हणाली होती, “मलम देते, पण हिला गार जागा हवी. मलमाने जागा गार होत नाही.” माझ्या नवऱ्याने, डर्लिसने, त्याच दिवशी दुकानातून दोर आणला. तो टायर पंक्चरच्या दुकानात काम करतो, गाठी पक्क्या मारतो. खिडकीच्या गजापासून आंब्याच्या फांदीपर्यंत झोळी बांधली. माझी मुलगी त्या झोळीत मोठी झाली. पंखा होता, पण उन्हाळ्यात वीज जायची आणि झाड जायचं नाही.

संध्याकाळी त्याच झाडाखाली खुर्च्या निघायच्या आणि तेरेरेची बैठक बसायची. शिंगाच्या पेल्यात येर्बाची पत्ती, तिच्यात नळी, वरून बर्फाचं पाणी. पाण्यात न्या झुनिल्दा पुदिना आणि गवती चहा ठेचून टाकत. ओतणारा एकच असतो, आणि आमच्यात वयाने लहान मी, म्हणून ओतायचं काम माझं. पेला एकाला द्यायचा, त्याने पिऊन मला परत द्यायचा, मी भरून पुढच्याला. ज्याला आणखी हवंय तो मुकाट्याने पेला परत करतो. पुरे झालं की परत करताना म्हणतो, “ग्रासियास.” एरवी हा शब्द धन्यवादाचा. बैठकीत त्याचा अर्थ एकच: आता मला नको. मग त्याला त्या दिवशी पुन्हा विचारत नाहीत, पेला त्याला टाळून पुढे जातो.

पानाम्बीला मी काहीही दिलं की ‘ग्रासियास’ म्हणायला शिकवत होते. ती ‘गासिया’ म्हणायची.

“नको तिथे शिष्टाचार शिकवू नकोस,” न्या झुनिल्दा म्हणायच्या. “मोठी झाली की तहानलेली बसेल बिचारी.”

गल्लीतली घरं एकेक करून विकली जात होती. कंपनीने आधी कोपऱ्यावरचं घेतलं, मग त्याच्या शेजारचं, मग समोरासमोरची. पत्र्याचं कुंपण आमच्या भिंतीपर्यंत येऊन थांबलं. कुंपणावर भलंमोठं चित्र होतं, उंच इमारत, प्रत्येक गॅलरीत झाड, आणि खाली नाव: तोर्रे आर्बोलेदा. म्हणजे वनराई.

“आधी झाडं काढायची आणि मग त्यांचं नाव द्यायचं,” डॉन एल्पिदिओ म्हणाले. ते जन्मभर बस चालवत होते. खुर्चीत बसताना अजूनही चष्मा आरशासारखा हलवून नीट लावत. “माणूस मेला की रस्त्याला नाव देतात ना, तसं.”

मध्ये राहिलं होतं फक्त न्या झुनिल्दांचं घर. ते मिळाल्याशिवाय इमारतीचा पाया पुरा होत नव्हता, आणि त्या नाही म्हणत होत्या तोवर आंब्याला कुणी हात लावणार नव्हतं. हे आम्हाला ठाऊक होतं, कंपनीला ठाऊक होतं.

भर जानेवारीत, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, आंबे पटापट गळत होते तेव्हा, कंपनीचा माणूस पहिल्यांदा आला. लिसांद्रो. तरुण, चेहरा अगदी आमच्यासारखा, बोलणं मात्र स्पेनचं. आईबापाने तान्हा असताना माद्रिदला नेलेला, आता नोकरीसाठी परतलेला. बंद बूट, लांब बाह्या. पिकलेल्या आंब्यावर पाय पडून जरा घसरला.

“बस रे बाबा, उन्हात उभा काय राहतोस,” न्या झुनिल्दांनी खुर्ची ओढली. “ग्रिसे, त्याला दे.”

मी पेला भरून दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला, आणि ओठाला लावायच्या आधीच म्हणाला, “मुचास ग्रासियास, सेन्योरा.” प्यायला. परत देताना पुन्हा, “ग्रासियास.” वर मान लववून.

मी डॉन एल्पिदिओंकडे पाहिलं. ते आभाळाकडे पाहत होते.

लिसांद्रो बोलू लागला. छतावर भाजीची बाग असेल, पावसाचं पाणी साठवतील, सायकली ठेवायला जागा. मधून मधून पेला त्याच्या नाकासमोरून जात होता. न्या झुनिल्दा, डॉन एल्पिदिओ, मी, परत न्या झुनिल्दा. त्याच्या मानेवरून घाम गळपट्टीत उतरत होता. बोलता बोलता डोळे पेल्यामागे जात.

“आज पाणी गार आहे ना, ग्रिसे?” डॉन एल्पिदिओंनी विचारलं.

“आत्ताच बर्फ टाकलाय.”

“तरीच. दाताला लागतंय अगदी.”

“पुदिनाही ताजा आहे,” न्या झुनिल्दा म्हणाल्या. “तू सांग बाबा, सांग. बागेचं सांगत होतास.”

तो गेला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. कोपरा वळेपर्यंत आम्ही दम धरला. मग न्या झुनिल्दा इतक्या हसल्या की पदरासारखा झग्याचा घोळ वर घेऊन डोळे पुसू लागल्या. झोळीत पानाम्बी जागी झाली आणि काही न कळता तीही हसू लागली.

“बिचारा,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी सांगायला हवं होतं.”

“तुम्ही का नाही सांगितलं?”

“मला मजा येत होती.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, पानाम्बीचा घामट तळहात माझ्या गळ्यावर असताना, मी ते सगळं लिहिलं. नाव घातलं नाही. बंद बूट, नाकासमोरून जाणारा पेला, छतावरची बाग. शेवटी लिहिलं, आमच्या अंगणात कसं प्यायचं हे ज्याला माहीत नाही तो आम्हाला सावली कशी असते ते शिकवायला आलाय.

मी आजवर लिहिलेलं काहीच एवढं फिरलं नव्हतं. डर्लिसच्या दुकानात गिऱ्हाइकं ते मोठ्याने वाचून दाखवत होती. रेडिओवरच्या एका बाईने वाचलं आणि हसू आवरेना म्हणून मध्ये गाणं लावलं. अनोळखी लोक लिहू लागले, झाड कुठे आहे, आम्ही येतो. चिपा विकणारीने मला एक चिपा फुकट दिला आणि म्हणाली, “त्या तहानलेल्याचं वाचलं.”

“आता कसे पाडतात बघू,” डर्लिस म्हणाला. हात धुतले तरी त्याच्या नखांत काळं राहतं. त्या हातांनी तो पानाम्बीला वर उडवत होता. “तू आता मोठी बाई झालीस.”

मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू. मी हिशेब मांडला होता की एवढे लोक वाचतात म्हणजे एवढे लोक उभे राहतील.

रविवारी लोक आले. सायकली घेऊन, कापडी पिशव्या घेऊन, हसरे, स्वच्छ लोक. मी गळालेल्या आंब्यांचा मुरंबा केला होता, तो चिप्याबरोबर वाढला. एका मुलीने बुंध्याला हिरवी फीत बांधली. कुणी म्हणालं ओळखीचा वकील आहे. सगळ्यांनी झोळीतल्या पानाम्बीबरोबर फोटो काढले. ती पाळीपाळीने प्रत्येकाकडे हात पसरत होती. अंधार पडायच्या आत ते गेले. न्या झुनिल्दांनी कागदी पेले गोळा केले, कोया झाडल्या.

“चांगली माणसं आहेत,” त्या म्हणाल्या. “झाडू मात्र कुणी आणला नव्हता.”

पुढच्या रविवारी थोडे आले. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस होता. मी आंब्याबद्दल लिहीत राहिले. खाली लोक विचारू लागले की मुरंब्यात साखर किती, आणि सारण भरलेले एम्पानादा चांगले कुठे मिळतात. वकिलाचं काय झालं ते कळलं नाही. फीत उन्हाने पांढरी पडली.

आणि लिसांद्रो परत आला. या वेळी पायात चपला होत्या, हातात बर्फाची पिशवी.

मी खुर्चीतून अर्धवट उठले. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमचं वाचलं. आईने पाठवलं माद्रिदहून. म्हणाली, हा मूर्ख कोण असेल? मी म्हटलं, आई, तो मीच.”

“मग?” न्या झुनिल्दांनी विचारलं.

“मग रडली. म्हणे, मी तुला काहीच शिकवलं नाही.”

मग न्या झुनिल्दांनी खुर्ची ओढली.

मी पेला भरला. त्याने घेतला, प्यायला, आणि मुकाट्याने परत दिला. पुढच्या फेरीतही. त्याच्या पुढच्याही. थर्मास रिकामा झाला तेव्हा त्याने स्वतः आत जाऊन भरून आणला. इमारतीचं अक्षर काढलं नाही.

“पोरगा शिकला,” डॉन एल्पिदिओ माझ्या कानात म्हणाले, आणि त्यांना ते आवडलं नव्हतं.

तो येत राहिला. तो नाटक करत असता तर सोपं होतं. पण त्याला खरंच बसायला आवडायचं. आंबे संपले, पानं गळली तर तो झाडू घेऊन झाडायचा. पानाम्बी त्याला बघून “बफ, बफ” म्हणायची, कारण तो तिच्या हातात बर्फाचा तुकडा द्यायचा. एकदा त्याने आईला फोनवर लावून दिलं. तिच्यात आणि न्या झुनिल्दांच्यात ग्वारानीत, आमच्या घरच्या भाषेत, जे सुरू झालं ते थांबेना. मग निघालं की ती बाई न्या झुनिल्दांच्या निमियाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते. निमिया म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, माद्रिदमध्ये म्हाताऱ्या माणसांकडे कामाला. तिची मुलगी नोआ. त्या नातीला न्या झुनिल्दांनी फोनच्या काचेपलीकडे कधी पाहिलं नव्हतं.

लिसांद्रोची आई एके दिवशी नोआकडे जाऊन आली, आणि तिथून तिने फोन लावला. “घे, तुझ्या नातीला हात लावून सांगते, केस अगदी तुझ्यासारखे राठ आहेत.”

न्या झुनिल्दांनी फोन एका हातात धरून दुसरा स्वतःच्या केसांवरून फिरवला. मग म्हणाल्या, “तिला सांग, तेल लावत जा.”

मी ते सगळं पाहत होते. पेला भरत होते, पुढे करत होते. त्यांच्या गुडघ्यांना सूज यायची, मागच्या पायऱ्या चढताना त्या भिंतीला धरायच्या, हेही पाहत होते. तरी मला वाटायचं की झाड आहे, बैठक आहे, पानाम्बी त्यांना ‘लाला’ म्हणते, आजीला म्हणतात तसं. एवढ्यावर त्या थांबतील. मी तसं एकदा लिहिलंही, की आमच्या गल्लीत एक बाई आहे जी हलत नाही, आणि तिच्यामुळे एक झाड हलत नाही. ते त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “छान लिहितेस,” आणि तंबाखूची डबी शोधायला आत गेल्या.

ऑक्टोबरचे दिवस. आंब्याला हिरव्या कैऱ्या लागल्या होत्या, अंगठ्याएवढ्या. पहिली उन्हाळी संध्याकाळ म्हणून मी बर्फ जास्त घातला. पहिला पेला नेहमी ओतणाऱ्याचा, मी प्यायले. दुसरा भरून न्या झुनिल्दांना दिला. त्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या, नळीचा आवाज येईपर्यंत. पेला माझ्या हातात दिला.

“ग्रासियास, ग्रिसे.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या रोज सर्वांत शेवटी उठणाऱ्या. थर्मास रिकामा झाल्याशिवाय त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

“पोट बिघडलंय का?” मी म्हटलं. “पुदिना नको का घालू?”

“पोट बरं आहे.”

“मग घ्या ना आणखी.”

“पुढे ने पेला, पोरी.”

डॉन एल्पिदिओंनी पुढे केलेला हात मागे घेतला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“सही केलीस, झुनिल्दा?”

“काल.”

रस्त्यावरून एक बस गेली आणि तिचा धूर खाली बसला. माझ्या हातात पेला होता आणि तो कुणाला द्यायचा ते मला सुचेना.

“माझ्या लिहिण्यामुळे,” मी म्हणाले. “तो इथे बसायला शिकला ते माझ्या लिहिण्यामुळे.”

“काहीतरीच. तो आला नसता तर दुसरा आला असता, बंद बुटांचा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पानाम्बी फरशीच्या भेगेत काडी खुपसत होती, तिच्याकडे पाहत होत्या. “सगळी गल्ली गेली, ग्रिसे. मी एकटीने झाड धरून किती दिवस बसू? तू लिहितेस ती बाई हलत नाही. माझे गुडघे हलत नाहीत, एवढंच खरं आहे. नात आठ वर्षांची झाली.”

“आणि ही?” मी पानाम्बीकडे बोट केलं. आमचं काय, असं विचारायचं होतं, ते तोंडातून आलं नाही.

“तिची झोळी घेऊन जा,” न्या झुनिल्दा म्हणाल्या. “दोर अजून चांगला आहे.”

मग त्या उठल्या. उठताना खुर्चीच्या पाठीला धरलं, आणि सवयीने खुर्ची उचलून आत नेऊ लागल्या. डॉन एल्पिदिओंनी ती त्यांच्या हातून घेतली. मी पेला भरला आणि रिकाम्या जागेला टाळून डॉन एल्पिदिओंकडे केला. ते दाराकडे बघत प्यायले. त्यांनी पेला मुकाट्याने परत केला, आणि आम्ही दोघं थर्मास संपेपर्यंत बसलो, कारण उठायचं कसं ते दोघांनाही कळत नव्हतं.

झाड पाडलं त्या दिवशी आमचं सामान दारातच होतं. आधी वरच्या फांद्या गेल्या. कैऱ्या पत्र्यावर गारांसारख्या पडल्या. आजूबाजूच्या बायका पिशव्या घेऊन आल्या आणि कैऱ्या वेचू लागल्या; मीही वेचल्या, दुसरं काय करणार. मग एकदम आमच्या खोलीत ऊन आलं. त्या खोलीत मी कधी ऊन पाहिलं नव्हतं. भिंतीचा रंग हिरवा आहे हे मला तेव्हा कळलं. मी तो करडा समजत होते. पानाम्बी जमिनीवरच्या उन्हाच्या चौकोनात जाऊन बसली आणि त्याच्यावर हात आपटू लागली. थोड्या वेळाने रडायला लागली, चटका बसला म्हणून.

मी बुंध्याचा फोटो ब्लॉगवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. रडके चेहरे खूप आले. कुणीतरी विचारलं, लाकूड विकत मिळेल का.

लिसांद्रो त्याच आठवड्यात भेटायला आला. बर्फ आणला नव्हता. तो म्हणाला, इमारतीचं स्वतःचं एक पान असेल, शहरातलं खाणं, गॅलरीतली भाजी, हिरवं राहणीमान. कुणीतरी नेमाने लिहिणारं हवंय. “तुमच्यासारखं कुणी लिहीत नाही. घरी बसून, बाळ झोपलं की.” तो खरं बोलत होता. त्याला माझं भलं करायचं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि म्हणून मला त्याच्याकडे बघवेना.

“ग्रासियास,” मी म्हणाले.

तो क्षणभर थांबला. मग त्याने मान हलवली आणि निघाला. कुठलं ग्रासियास ते आता त्याला बरोबर कळत होतं.

“हो म्हणायचं होतंस,” डर्लिस रात्रीच्या जेवणाला म्हणाला. रागाने नाही. तो नुसता थकला होता.

आता आम्ही शहराबाहेर, कापियाताला राहतो. असुन्सिओनला कामाला जायला डर्लिस पहाटे निघतो. सिमेंटची खोली, वर पत्राच. झोळीसाठी भिंतीत दोन खिळे ठोकलेत, पण पानाम्बी त्यात झोपत नाही. भिंत तापलेली असते आणि झोळी हलली की तिला चटके देते. त्यामुळे माझी दुपार गेली. हे मी लिहितेय ते तिला पाण्याच्या टबात बसवून, बाजूला फरशीवर बसून, एका हाताने तिच्या डोक्यावर पाणी ओतत. घामोळं पाठीवरून मानेपर्यंत आलंय. मलम संपलं.

ब्लॉग बंद केलेला नाही. उघडते आणि नाव वाचते. आमचा रस्ता नवा, रुंद आणि सरळ आहे, आणि मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाहिलंय: त्याला सावलीची बाजूच नाही. जुन्या वाचकांतलं कुणी कधी विचारतं, पुढचं केव्हा. मी लिहायला घेते, कोपऱ्यावर एक दुकान आहे, आणि पुढे काही नसतं.

काल माद्रिदहून न्या झुनिल्दांचा फोन आला. त्यांच्याकडे बर्फाळ थंडी, इथे डिसेंबरचा जाळ. अंगावर निमियाचा जाडा कोट होता, त्यात त्या लहान दिसत होत्या. पानाम्बीने फोनवर ओला हात ठेवला आणि “लाला” म्हणाली. त्यांनी फोन तोंडाजवळ नेला, त्यामुळे मला फक्त त्यांचे ओठ दिसत राहिले.

“अंगावर काय आलंय हिच्या?”

“काही नाही. उन्हाचं.”

मी विषय बदलला. “तेरेरे पिता का तिकडे?”

“पिते. हीटरशेजारी बसून. निमिया म्हणते वेड लागलंय आईला.”

“आणि नोआ? तिला शिकवलंत का?”

“दिला होता पहिल्याच दिवशी. एवढीशी घेतली, नाक वाकडं केलं आणि काय गोड म्हणाली, ‘ग्रासियास, आबुएला.’” त्या हसायला लागल्या आणि हसू मध्येच थांबलं. “काहीही दिलं की तसंच म्हणते. वळण लावलंय आईने. मी पुन्हा भरत नाही, आणि ती पुन्हा मागत नाही.”

“मग कुणाबरोबर पिता?”

“एकटीच.”

“ओततं कोण?”

“मीच, आणखी कोण?”

टबातलं पाणी कोमट झालं होतं. पानाम्बी हात पुढे करत होती. मी बाजूच्या थर्मासमधलं थोडं गार पाणी तिच्या छोट्या वाटीत ओतलं. तिने ती दोन्ही हातांनी धरली, प्यायली, आणि वाटी मला परत देत म्हणाली, “गासिया.”

“काय म्हणाली ती?” न्या झुनिल्दांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं.

“ऐकलं मी.” पलीकडे कुठेतरी दार वाजलं, कुणीतरी आत आलं असावं, त्यांनी आवाज खाली केला. “मी तुला सांगितलं होतं, ग्रिसे. तहानलेली बसेल.”

फोन बंद झाला. पानाम्बीने वाटी उलटी करून पाहिली, रिकामी होती, आणि पुन्हा माझ्याकडे केली. मी थर्मास वाकडा केला. त्यात बर्फही उरला नव्हता.